कापलेल्या पट्टीत काय होतं

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. रागाच्या भरात लिहिला आहेस हे दिसतंच आहे, म्हणून उत्तर द्यायला मुद्दाम थोडी थांबले. तुझी तक्रार थोडक्यात अशी: खगोलाच्या तुझ्या पेजवर तू फेब्रुवारीच्या आकाशाचा नकाशा टाकलास, तो खूप फिरला, आणि ज्या बाईंनी तो काढला होता त्यांचा तुला खरमरीत मेसेज आला. "ताई, मी एक पैसा कमावलेला नाही. उलट त्यांचं काम इतक्या लोकांपर्यंत पोचवलं. आभार राहिले बाजूला, चोर म्हणतात!"

मी मूळ नकाशा शोधून काढला आणि तुझ्या पोस्टशेजारी ठेवून पाहिला. तुझं चित्र खालून बोटभर कमी आहे. तू लिहिलं आहेस की घाईत नाव द्यायचं राहून गेलं. अरे, नाव लिहायचं राहून जाऊ शकतं. इथे तर नाव चित्रातच होतं. ते घालवायला क्रॉपची चौकट उघडावी लागते, खालची कड बोटाने धरून वर ढकलावी लागते, अक्षरं दिसेनाशी झाली की नाही ते बघावं लागतं आणि मग सेव्ह करावं लागतं. एवढं सगळं घाईत होत नसतं. त्या बाईंना राग आला तो या बोटभर पट्टीचा. तू चित्र जसंच्या तसं टाकलं असतंस तर त्यांनी बहुधा एक ओळही लिहिली नसती.

आता त्या पट्टीत आणखी काय होतं ते सांगते, कारण तू ते वाचलंच नसावंस. नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा नकाशा 20 अंश उत्तर अक्षांशासाठी, महिन्याच्या मध्याला, रात्री नऊच्या सुमाराचा आहे. तुला हे शिकवायला नको, पण तरी बघ. ध्रुवतारा 20 अक्षांशावरून क्षितिजाच्या साधारण 20 अंश वर दिसतो, 40 वरून साधारण 40 अंश. अगस्त्य हा तारा 20 वरून फेब्रुवारीच्या रात्री दक्षिणेला व्यवस्थित दिसतो, 40 वरून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. शिवाय तारे रोज सुमारे 4 मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याभरात 2 तासांचा फरक पडतो. कुठल्या जागेचा, कुठल्या वेळेचा हे माहीत नसेल तर आकाशाचा नकाशा म्हणजे नुसती ठिपक्यांची रांगोळी. तुझे फॉलोअर्स सगळीकडे पसरलेले आहेत. त्यातला कुणी दूर उत्तरेला, कडाक्याच्या थंडीत, तुझा नकाशा हातात धरून अगस्त्य शोधत उभा राहिला असेल, तर तो तुझ्यामुळे.

आणि पुढचं. त्या बाईंनी नंतर मूळ नकाशात एक दुरुस्ती केली आहे, एका ग्रहाची जागा चुकली होती ती. त्यांच्या पानावर आता सुधारलेली प्रत आहे. तुझ्या पोस्टवरून जी चूक पसरली ती पसरतेच आहे, कारण तिथून मूळ पानाकडे जायला वाटच उरलेली नाही. मला तुला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण. श्रेय देणं म्हणजे लेखकावर केलेली मेहेरबानी असं तू धरून चालला आहेस. त्यातला मोठा वाटा वाचकाचा असतो. हे कुणी काढलं, त्याला यातलं किती कळतं, कशाच्या आधारावर काढलं, नंतर काही बदललं का, हे विचारायचा वाचकाचा हक्क तू त्या पट्टीबरोबर कापून टाकलास.

"पोचवलं" हा शब्द तू तीन वेळा वापरला आहेस. काय पोचवलंस? चित्र पोचलं, बाई पोचल्या नाहीत. लोकांनी तुला लिहिलं, "दादा, किती मेहनत घेता!" आणि त्याखाली तू हात जोडलेले इमोजी टाकलेस. खरं सांगू, कापाकापीपेक्षा मला ते इमोजी जास्त खटकले. तिथे तुला कुणी खोटं बोलायला लावलं नव्हतं. "नाही हो, नकाशा माझा नाही" एवढं म्हणायला चार सेकंद लागली असती.

कॉपीराइटचं चिन्ह कुठेच नव्हतं, त्यामुळे मोकळंच असेल असं वाटलं, हा तुझा दुसरा मुद्दा. हा समज जुना आहे आणि त्याला एके काळी थोडा आधारही होता. अमेरिकेत 1 मार्च 1989 पर्यंत प्रसिद्ध होणाऱ्या कामावर हक्काची सूचना छापणं गरजेचं असे. पण 1886 च्या बर्न कराराने, म्हणजे लेखक-कलावंतांच्या हक्कांबद्दल देशादेशांत झालेल्या कराराने, 1908 च्या बर्लिनच्या दुरुस्तीत, असल्या सगळ्या औपचारिकता काढून टाकल्या होत्या. आज जगातले बहुतेक देश त्या करारात आहेत. चित्र काढलं की हक्क तयार झाला. नोंदणी नको, चिन्ह नको. 1928 साली रोमला त्यात आणखी एक भर पडली, ती तुझ्या कामाची आहे. लेखकाने आर्थिक हक्क विकून टाकले तरी "हे माझं आहे" असं म्हणायचा हक्क त्याच्याचकडे राहतो. म्हणजे बघ, पैसे कमावले नाहीत हे तुझं उत्तर बरोबर असेलही, पण विचारलेला प्रश्न तो नव्हताच.

कायद्याचं इतकं पुरे. न्यायालयात कुणी जाणार नाही हे तुलाही माहीत आहे, मलाही. म्हणूनच तर हा प्रश्न नीतीचा उरतो.

तुझ्या पेजच्या जुन्या पोस्ट चाळल्या. निम्म्या चित्रांखाली "गुगलवरून साभार" किंवा "सौजन्य: इंटरनेट" आहे. हे वाचलं की मला हसू येतं. कवितेखाली कवीऐवजी ग्रंथालयातल्या कपाटाचं नाव लिहावं तसं ते आहे. गुगलने ते चित्र काढलं नाही, फक्त दाखवलं. असल्या साभारमधून कळतं ते इतकंच की लिहिणाऱ्याला श्रेय द्यावं लागतं हे ठाऊक होतं आणि शोधायचा कंटाळा आला. शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. चित्र देऊन ते आणखी कुठे कुठे आहे हे शोधायची सोय टिनआय या संकेतस्थळाने 2008 पासून दिली आहे, आणि तिथे निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. पहिलं सापडेल तेच मूळ असं नव्हे, पण बहुतेक वेळा माग लागतो. फोटोच्या फाइलमध्ये काढणाऱ्याचं नाव असलं तरी समाजमाध्यमांवर चढवताना ती माहिती बऱ्याचदा पुसली जाते, तेव्हा फाइलवर विसंबू नकोस. आणि शोधूनही नाव सापडलं नाही तर? तर ते चित्र वापरू नकोस. मला तरी याला पर्याय दिसत नाही. "लेखक अज्ञात" हे लिहायला सोपं आहे, पण बऱ्याचदा तो आपल्यालाच अज्ञात असतो. त्याच्या घरच्यांना तो चांगला माहीत असतो.

अवकाशाची चित्रं सरकारी असतात, ती सगळी फुकट, असंही तुझं एक वाक्य आहे. अर्धं खरं. नासाच्या स्वतःच्या चित्रांवर सहसा कॉपीराइट नसतो, फक्त स्रोत म्हणून नासाचं नाव द्यावं असं ते सांगतात. पण रोज एक खगोलचित्र देणारं त्यांचं जे प्रसिद्ध पान 1995 पासून चालू आहे, त्यावरची कितीतरी चित्रं खाजगी छायाचित्रकारांची असतात आणि हक्कही त्यांचेच असतात. चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय ते कळत नाही. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी या खगोलसंस्थेची बहुतेक चित्रं सीसी बीवाय, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एका खुल्या परवान्याखाली असतात: हवं तिथे वापरा, पण नाव द्या. तू तिथलं तेजोमेघाचं चित्र घेतलंस आणि त्यावर तुझ्या पेजचा वॉटरमार्क मारलास. नाव देण्याच्या मुख्य अटीवर फुकट मिळालेली गोष्ट, आणि नेमकी तीच अट मोडायची! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो यापेक्षा वेगळा नसतो.

परवान्यांची अक्षरं एकदा नीट समजून घे, तासाभराचं काम आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून आहेत. एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यापारी वापर नको, म्हणजे पेजवर जाहिराती घ्यायला लागलास की त्यावर पुन्हा विचार करावा लागेल. एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज) असेल तर बदल केलेलं रूप पसरवता येत नाही, आणि भाषांतर हा बदलच धरला जातो.

भाषांतरावरून आठवलं, कारण हे तू वरचेवर करतोस आणि तुला ते उचलेगिरी वाटतच नाही. कृष्णविवरांवरचा तुझा लेख मला आवडला होता. तो इंग्रजीतल्या एका लेखाचा मराठी अवतार आहे हे मला नंतर कळलं. परिच्छेदांचा क्रम तोच, दृष्टान्त तेच, शेवटचा विनोदही तोच. मराठीत आणायला तुला कष्ट पडले असतील, नाही असं नाही. ते कष्ट भाषांतरकाराचे. खाली मूळ लेखकाचं नाव आणि "मराठी रूपांतर" म्हणून तुझं नाव आलं असतं तर मी तुझं कौतुकच केलं असतं, अर्थात मूळ लेखकाला विचारलं असतंस तर. हल्ली एआयकडून शब्द फिरवून घेतात, तेही मला याच जातीचं वाटतं. वाक्यं बदलली, विचारांची बांधणी तीच राहिली.

उलट टोकाला जाऊन घाबरूनही जाऊ नकोस. तारे 4 मिनिटं लवकर उगवतात ही माहिती कुणाच्या बापाची नाही. माहिती वापर, कल्पनेवरून स्फूर्ती घे, स्वतःच्या शब्दांत लिही. कुणाच्या लेखातल्या दोन-चार ओळी त्यांच्यावर बोलण्यासाठी घेतल्यास तर परवानगीही लागत नाही, बर्न करारातच अवतरणाची मुभा आहे. अट इतकीच की गरजेपुरतं घ्यायचं आणि स्रोत व लेखकाचं नाव द्यायचं. पण अख्खा लेख किंवा अख्खा नकाशा उचलायचा असेल तर नुसतं नाव देऊन भागत नाही, विचारावं लागतं. श्रेय आणि परवानगी यांची गल्लत भले भले करतात. आणि हो, चुलत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या विनोदाचा लेखक शोधत बसायला मी सांगणार नाही. तुझ्याकडे पेज आहे, लोक तुझ्यावर विश्वास ठेवून गच्चीवर जातात, म्हणून तुला वेगळं माप.

आता त्या बाईंचं. त्यांना आजच लिही. "भावना दुखावल्या असतील तर" ही सारवासारव नको. त्यांच्या भावनांबद्दल तू कशाला बोलतोस, तू काय केलंस ते सांग. "तुमचा नकाशा नाव कापून टाकला, विचारलं नाही, चूक झाली. आता मूळ चित्र तुमच्या नावासह टाकू की पोस्ट काढून टाकू, तुम्ही म्हणाल तसं करतो." इतकंच. आपले किती फॉलोअर्स आहेत हे त्यात घालू नकोस.

त्या काहीही म्हणाल्या तरी एक वेगळी पोस्ट तुला टाकावीच लागेल. जुनी गुपचूप बदलून नामानिराळा राहू नकोस, कारण ज्यांनी नकाशा आधीच उतरवून घेतला ते परत बघायला येणार नाहीत. नकाशा कुणाचा, कुठल्या अक्षांशाचा, कुठल्या वेळेचा आणि कोणत्या ग्रहाची जागा सुधारली आहे, हे स्पष्ट लिही आणि मूळ पानाची लिंक दे. पंधरवडाभर ती पेजच्या वरच राहू दे. थोडी टिंगल होईल. होऊ दे.

तेजोमेघावरचा वॉटरमार्कही काढ. कृष्णविवरांच्या लेखाचं काय करायचं ते त्या लेखकाला इंग्रजीत पत्र पाठवून विचारू. मसुदा तू कर, मी भाषा बघून देते. बाईंचं उत्तर काय येतं ते मात्र कळव, शिव्या आल्या तरी.

तुझी,
ताई