‘मेडिकल कॅनॅबिस’ला मराठीत काय म्हणावे?

वाशीहून एका भाषांतरकार भगिनींनी विचारले आहे की, दीर्घकालीन वेदनांच्या उपचारांवरील माहितीपुस्तिकेत ‘मेडिकल कॅनॅबिस’ला ‘औषधी भांग’ म्हणावे की ‘वैद्यकीय गांजा’, आणि ‘लीगलायझेशन’साठी ‘कायदेशीरीकरण’ हा शब्द चालेल का.

भांग, गांजा आणि चरस हे कॅनॅबिस या एकाच झाडाचे तीन पर्यायी शब्द नाहीत. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ. (केसांचा भांग पुल्लिंगी, घोटायची भांग स्त्रीलिंगी, त्यांची गल्लत करण्याचे कारण नाही.) हा भेद इतका पक्का होता की इंग्रज सरकारने १८९३ मध्ये, म्हणजे आमच्या ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या वर्षी स्थापन झाले त्याच वर्षी, या पदार्थांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्याच्या अहवालाला इंग्रजीतही हेच तीन शब्द जसेच्या तसे वापरावे लागले. पुढे अमली पदार्थांवरील १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, त्यांच्यासोबत नसलेली पाने आणि बिया वगळून, असे आले. त्यामुळे नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहते आणि तिच्यावर राज्यांचे कायदे लागू होतात. ज्या शब्दांच्या निवडीवर एखाद्याची कोठडी अवलंबून असू शकते, ते शब्द भाषांतरात सैल सोडू नयेत.

आता पुस्तिकेकडे येऊ. ‘औषधी भांग’ वाचून रुग्णाच्या डोळ्यांपुढे महाशिवरात्रीची थंडाई उभी राहील. ‘वैद्यकीय गांजा’ म्हटले की चिलीम. संशोधनात मात्र बहुधा मात्रा मोजलेले अर्क असतात, किंवा झाडातून वेगळे केलेले एखादेच द्रव्य असते. अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता मिळालेले औषध म्हणजे शुद्ध केलेले कॅनाबिडिऑल आहे. त्याने नशा चढत नाही आणि त्याला गांजा म्हणणे म्हणजे अफूच्या झाडापासून मिळते म्हणून खसखशीला अफू म्हणण्यासारखे आहे. म्हणून माझे मत असे की, व्यापक अर्थी ‘कॅनॅबिस’ हाच शब्द घ्यावा, पहिल्या उल्लेखात ‘ज्यापासून भांग, गांजा व चरस मिळतात ते झाड’ असा खुलासा जोडावा, आणि जिथे खरोखर फुलोराच अभिप्रेत असेल तिथेच गांजा लिहावे. नुसत्या वनस्पतीसाठी ‘भांगेचे झाड’ निर्दोष आहे. पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद आणि जवस यांच्या पंक्तीत ‘भङ्गा’ शेतातले पीक म्हणून येते. आयुर्वेदाच्या संदर्भात ‘विजया’ ठीक, पण ते नाव आधुनिक औषधाला लावू नये.

धाग्यासाठी घेतलेल्या पिकाला, म्हणजे ‘हेम्प’ला, काहीजण ‘अंबाडी’ लिहितात. ही चूक कशी होते ते कळते, कारण अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ‘कॅनाबिनस’ म्हणजे ‘भांगेसारखी’ असे आहे, आणि धागा दोन्हींपासून निघतो. तरीही ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जुडीने मिळणारी आंबट भाजी आणि हे झाड यांचा काही संबंध नाही.

‘औषधी’ की ‘वैद्यकीय’, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ‘औषधी’ हा गुण सांगतो. औषधी वनस्पती म्हटले की गुण सिद्ध आहे असे ऐकणारा धरून चालतो. ‘वैद्यकीय’ केवळ वापराचा संदर्भ सांगतो. वेदनांबाबत जाणकारांतच एकमत नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनांसाठी भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये दीर्घकालीन वेदनांसाठी ही औषधे सर्वसाधारणपणे देऊ नयेत असे सुचवले, आणि वेदनांच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये त्यांना पाठिंबा देण्याचे टाळले. असे असताना ‘औषधी’ लिहून भाषांतरकाराने स्वतःच निकाल देऊ नये. त्याच कारणासाठी ‘वेदनाहारक’पेक्षा ‘वेदनाशामक’ बरे, कारण शमणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. (गंमत अशी की, वर आलेल्या १९८५ च्या कायद्याच्या मराठी नावातही ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये’ आहेतच.)

मेंदूत आपोआप तयार होणारे, याच झाडातल्या द्रव्यांसारखे काम करणारे एक रसायन १९९२ मध्ये सापडले आणि शोधकांनी त्याचे नाव संस्कृत ‘आनंद’वरून ठेवले. तेव्हा पुस्तिकेत ते ‘अनँडामाइड’ असे परके करून न लिहिता ‘आनंदामाइड’ लिहावे.

‘कायदेशीरीकरण’ मला जड वाटते. त्याहून मोठी अडचण ही की, तो एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो. केवळ उपचारासाठी मुभा देणे, जवळ बाळगणे गुन्ह्यातून वगळणे आणि नियंत्रित विक्री खुली करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडाने २०१८ मध्ये विक्री खुली केली. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना मर्यादित प्रमाणात कॅनॅबिस बाळगण्याची व झाडे लावण्याची मुभा दिली, पण दुकानांतून सर्रास विक्रीची नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी, भारताच्या अनुकूल मतासह, कॅनॅबिसला अमली पदार्थांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक यादीतून काढले. तेही ‘बंदी उठवली’ असे नव्हे, कारण पहिल्या यादीतील नियंत्रण कायम राहिले. आपल्या कायद्यातही बंदीच्या कलमाला वैद्यकीय आणि वैज्ञानिक प्रयोजनांचा अपवाद मुळापासून आहे. तेव्हा प्रत्येक ठिकाणी नेमके काय घडले ते क्रियापदाने सांगावे: ‘उपचारासाठी परवानगी दिली’, ‘गुन्ह्यातून वगळले’, ‘विक्री खुली केली’. मथळ्यासाठी एक शब्द लागलाच तर ‘वैध’ पुरे.