बंद अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उरलेला विद्युतदाब

प्रश्न : फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या 5एफ1 या सर्किटवरून मी गिटारसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे. त्यात 16 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचे तीन फिल्टर कपॅसिटर आहेत. जोडणी तपासण्यासाठी 6व्ही6 आणि 12एएक्स7 हे व्हॉल्व्ह काढून, फक्त रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह) ठेवून सेट चालवला. प्लग काढल्यानंतर तासाभरानेही पहिल्या कपॅसिटरवर 390 व्होल्ट दिसले. असे का व्हावे? स्क्रूड्रायव्हर टेकवून तो रिकामा करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : स्क्रूड्रायव्हर कृपया वापरू नका. ठिणगीबरोबर वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांत उडू शकतात. शिवाय पुढचे दोन कपॅसिटर 10 आणि 22 किलोओहमच्या रेझिस्टरांपलीकडे असल्यामुळे ते क्षणभराच्या स्पर्शाने रिकामे होत नाहीत, आणि पहिल्यावर पुन्हा दाब चढतो.

एरवी सेट बंद केल्यावर व्हॉल्व्हचे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी टोके) काही क्षण तापलेले असतात व त्यांच्यातूनच साठलेला विद्युतभार वाहून जातो. आपण तो मार्गच काढून घेतला होता आणि रेक्टिफायर प्रवाह उलट जाऊ देत नाही, त्यामुळे भार तसाच राहिला. या प्रयोगात आणखी एक धोका आहे : 325 व्होल्टचे वाइंडिंग असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह घेणारे काहीच नसेल, तर कपॅसिटर एसीच्या शिखरदाबापर्यंत भरतो आणि दाब त्याच्या 450 व्होल्टच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. तो पुन्हा करू नये.

आता रिकामे करण्याविषयी. 10 किलोओहम, 10 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी जोडाव्यात आणि उघडे सांधे स्लीव्हने पूर्ण झाकावेत. प्लग भिंतीतून काढलेला आहे हे डोळ्यांनी पाहून एक वायर क्लिपने चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडावी, अंगठी-घड्याळ काढून एक हात पाठीमागे ठेवावा आणि दुसऱ्या हाताने इन्सुलेटेड प्रोब पहिल्या कपॅसिटरच्या धन टोकाला दहा सेकंद टेकवून ठेवावा. नंतर मल्टिमीटर डीसीच्या 600 किंवा 1000 व्होल्टच्या रेंजवर ठेवून तिन्ही कपॅसिटर वेगवेगळे मोजावेत. मीटर खरे दाखवतो आहे ना, हे मोजणीच्या आधी आणि नंतर 9 व्होल्टच्या बॅटरीवर पाहावे, कारण प्रोबची वायर आतून तुटली असेल तर भरलेल्या कपॅसिटरवरही शून्यच दिसेल.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रिकामा केल्यावरही त्याच्यावर थोडा दाब हळूहळू परततो. म्हणून काम चालू असेपर्यंत 12एएक्स7च्या सॉकेटची 1 क्रमांकाची पिन क्लिपच्या वायरने चॅसीला जोडून ठेवावी, म्हणजे त्या पिनला असलेल्या प्लेटच्या (व्हॉल्व्हच्या धन टोकाच्या) 100 किलोओहम रेझिस्टरमधून उरलासुरला भार निघत राहील. ही जोडणी मला अधिक पसंत आहे, कारण ती काढायला विसरून सेट चालू झाला तरी तीतून दोन-तीन मिलिअँपिअरच वाहतात. रिकामे करण्यासाठी घेतलेला 10 किलोओहमचा रेझिस्टर तसाच जोडलेला राहिला तर मात्र जळून जाईल.

कायमचा उपाय म्हणून पहिल्या कपॅसिटरला समांतर, 100 किलोओहम, 2 वॉटचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून आजच सोल्डर करावेत. दोन घेण्याचे कारण असे, की दाब दोघांत विभागला जातो. साधारण 350 व्होल्टवर ते पावणेदोन मिलिअँपिअर घेतात, आणि सगळे व्हॉल्व्ह काढलेले असले तरी सुमारे 35 सेकंदांत दाब 10 व्होल्टखाली आणतात. त्यांतला एखादा सांधा सुटला तर बाहेरून कळत नाही, म्हणून ते बसवल्यानंतरही सेट उघडताना दर वेळी तिन्ही कपॅसिटर मोजावेत.