वाचकांचे प्रश्न : उणे तीस अंशांत घोड्यांची निगा

प्रश्न : स.न.वि.वि. कॅनडातील कॅलगरीबाहेर आम्ही जमीन घेतली, तिच्यासोबत दोन घोड्याही आमच्याकडे आल्या. एक ११ वर्षांची, दुसरी २३ वर्षांची. येथे कडाक्याच्या दिवसांत पारा उणे ३०पर्यंत उतरतो. साताऱ्याकडच्या आमच्या घरी पूर्वी घोडा होता, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने दोघींवर जाड झुली घातल्या, तबेल्याच्या फटी बुजवल्या आणि ओटची चंदी वाढवली. तरीही थोरलीला पोटशूळ झाला. पाण्याचे टाके रोज गोठते; शेजारी म्हणतात, घोडे बर्फ खाऊन भागवतात. नेमके काय करावे? — एक वाचक, कॅलगरी

उत्तर : आपण योजलेले उपाय माणसाला थंडी वाजते त्या हिशेबाचे आहेत, घोड्याच्या शरीराचा हिशेब वेगळा असतो आणि त्यात सर्वांत आधी पाणी येते. ५०० किलो वजनाच्या घोड्याला वाळलेल्या गवतावर असताना दिवसाला साधारण २५ ते ३५ लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्यातून बरेचसे पाणी आपसूक पोटात जाते, पण वाळलेल्या गवतात ते जेमतेम १० ते १५ टक्के असते. त्यातच बर्फगार पाण्याला घोडे नाखुशीनेच तोंड लावतात. पाणी कमी पडले की मोठ्या आतड्यातला चोथा घट्ट होऊन अडकतो आणि हिवाळ्यातल्या पोटशुळाचे हे नेहमीचे कारण आहे. शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, परंतु भुसभुशीत बर्फाच्या दहा लिटरच्या बादलीतून सुमारे लिटरभरच पाणी मिळते आणि तो बर्फ वितळवण्यात अंगची ऊब खर्ची पडते ती वेगळीच. टाक्यात तापमान-नियंत्रक असलेला हीटर बसवून पाणी किमान ७-८ अंशांवर ठेवावे. हीटरचे अर्थिंग मात्र वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे, कारण एकदा हलकासा झटका बसलेली घोडी टाक्याकडे फिरकत नाही आणि मालकाला कारण उमगत नाही. चाटायला मीठही हवे.

दुसरी गोष्ट गवताची. चंदीने घोड्याला ऊब येते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, पण ओट बव्हंशी लहान आतड्यात पचतो, तर गवतातला तंतुमय भाग आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि पुढच्या मोठ्या आतड्यात तासन्‌तास आंबत राहतो व त्या क्रियेतून उष्णता निघते. दाट हिवाळी केस आलेला, सुदृढ आणि कोरडा घोडा साधारण उणे १५ अंशांपर्यंत जादा खुराकाशिवाय तग धरतो; त्याखालच्या प्रत्येक अंशाला सुमारे दोन टक्के आहार वाढवावा. म्हणजे एरवी १० किलो गवत खाणाऱ्या घोडीला उणे ३०मध्ये १३ किलोंच्या आसपास लागेल. हे गवत दिवसभरात विभागून, रात्रीचा वाटा मोठा ठेवून द्यावे. चंदी एकदम वाढवल्यास पोटशूळ आणि खुरांचा दाह या दोन्हींची भीती असते. तेविशीतल्या घोडीचे दात पशुवैद्याकडून अवश्य तपासून घ्यावेत. दात झिजले असतील तर गवत नीट चावले जात नाही, अशा वेळी गवताच्या वड्या कोमट पाण्यात भिजवून देणे उत्तम, त्यातून पाणीही पोटात जाते.

झुलींबाबत दोघींना एकच नियम लावू नये. घोड्याचे केस थंडीत उभे राहून हवा धरून ठेवतात, आणि पाठीवर बर्फ न वितळता साचलेला दिसला तर ऊब आत टिकली आहे असे समजावे. धाकटी धडधाकट असेल तर तिला झुलीची गरज नाही. थोरली अंगाने उतरली असल्यास जलरोधक झूल योग्यच, परंतु आपल्या भागात शिनूक, म्हणजे पर्वतावरून उतरणारा उबदार कोरडा वारा, सुटला की काही तासांत पारा २० अंशांनीही चढतो, आणि जाड झुलीखाली घामेजलेली घोडी पुन्हा थंडी पडताच गारठते. म्हणून झूल रोज काढावी, खरारा करावा आणि बरगड्यांवरून हात फिरवून मांस तपासावे. दाट केसांखालची हडकुळी कुडी नजरेला दिसत नाही. तबेल्याच्या वरच्या फटी पुन्हा उघडाव्यात, कारण कोंडलेल्या दमटपणाने आणि लघवीतून उठणाऱ्या अमोनियाने फुप्फुसे बिघडतात. वारा अडवणारी तीन भिंतींची कोरडी शेड पुरेशी होते.

प्रश्न : खुरांत बर्फाचे गोळे अडकून घोडे घसरतात. नाल काढावेत का? — त्याच वाचकाकडून

उत्तर : हिवाळ्यात रपेट होत नसेल तर नालबंदाकडून काढून घ्यावेत, कारण लोखंडाच्या नालेला बर्फ अधिक चिकटतो. रपेट करायचीच असेल, तर बर्फ बाहेर ढकलणाऱ्या गाद्या आणि पकड देणारे खिळे नालांसोबत बसवता येतात. खूर दररोज कोरून साफ करावेत आणि सहा ते आठ आठवड्यांनी तासून घ्यावेत. शिनूकनंतर वितळलेले पाणी पुन्हा गोठून जो काचेसारखा थर तयार होतो, तो भुसभुशीत बर्फापेक्षा घातक असतो. टाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर तेवढ्यासाठी वाळू किंवा लाकडाची राख पसरून ठेवावी, म्हणजे घसरण्याच्या भीतीने घोड्या पाण्याला जाणे टाळणार नाहीत.