रेषेखाली गेलेलं गाव

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त नकाशाकारणीची उत्तरं

*ताई, माझी मुलगी अमेरिकेत शिकते. तिच्याबरोबर राहणाऱ्या दोन मुलींचं मेरीलँडवरून कडाक्याचं भांडण झालं. एक स्वतः मेरीलँडची. ती म्हणते, ‘साउथ’, म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, आमच्या खाली सुरू होतो. दुसरी न्यू यॉर्कची. तिचं म्हणणं, मेसन-डिक्सन रेषा ओलांडली की साउथच. मुलीने मला विचारलं, मी तुम्हाला विचारते. खरी हद्द कुठली? एकदाच काय ते सांगून टाका, म्हणजे त्या घरात शांतता होईल.*

शांततेची हमी देत नाही. सरकारी कागद काढला तर न्यू यॉर्कवाली जिंकते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने देशाचे चार विभाग केलेत आणि त्यात मेरीलँड दक्षिणेत आहे. तिच्या शेजारचं चिमुकलं डेलावेअरही दक्षिणेत आहे. पण या खात्याचं सगळंच मनावर घ्यायचं कारण नाही. आज सगळे ज्याला ‘मिडवेस्ट’ म्हणतात, त्या बारा राज्यांना हेच खातं १९८४ पर्यंत ‘नॉर्थ सेंट्रल’ म्हणत होतं.

आता ती मेसन-डिक्सन रेषा. १७६३ ते १७६७ या काळात चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोन इंग्रज मोजणीदारांनी ती आखली. तिचा उत्तर-दक्षिण संस्कृतीशी काडीचा संबंध नव्हता. मेरीलँडचे मालक कॅल्व्हर्ट आणि तिच्या उत्तरेच्या पेनसिल्व्हेनियाचे मालक पेन या दोन घराण्यांचा बांधावरून तंटा चालला होता, तो मिटवायला ही मोजणी झाली. दर मैलाला इंग्लंडहून आणलेला दगड पुरला. दर पाचव्या दगडावर एका बाजूला कॅल्व्हर्टांचं मानचिन्ह, दुसऱ्या बाजूला पेनांचं. आपल्याकडच्या शिवेच्या दगडासारखंच, फक्त नक्षीकाम जास्त. पुढे १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला, मेरीलँडने केला नाही. तेव्हा त्याच दगडांना नवा अर्थ चिकटला. पुढे दक्षिणेतली गुलाम ठेवणारी राज्यं देशातून फुटली आणि यादवी युद्ध आलं, तेव्हा मेरीलँड गुलाम ठेवणारं राज्य होतं, तरी ते फुटून निघालं नाही, उत्तरेबरोबर राहिलं. म्हणजे कायद्याने दक्षिण, युद्धात उत्तर. त्या मुलीला आपण नक्की कुठले असा प्रश्न पडत असेल, तर तो तिच्या राज्यालाही दीडशे वर्षांहून जास्त काळ पडलेला आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात नाही, टेबलावर सापडलं.

मी एकतीस वर्षं शालेय नकाशासंग्रहांसाठी रेघा ओढल्या. संगणक येण्याआधीच्या काळात. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगचं पेन आणि चुकलं तर दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची. एकदा बोलींचा नकाशा करायला आला. प्रमाण एकास एक कोटी. मी ०.३ मिलिमीटरचं पेन घेतलं, त्याहून बारीक छपाईत टिकत नसे. नकाशा छापून शाळांत गेला आणि काही महिन्यांनी एका शिक्षकाचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं : ‘आमचं गाव तुमच्या रेषेच्या अलीकडेही नाही, पलीकडेही नाही. ते रेषेखाली गेलं आहे. मुलं विचारतात, आपली बोली कोणती. मी काय सांगू?’

मी हिशोब केला. त्या प्रमाणात ०.३ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर तीन किलोमीटर. नुसत्या शाईच्या जाडीत त्यांचं गाव, शिवार आणि शेजारची वाडी गडप झाली होती. बरं, माझी माहिती तरी तीन किलोमीटरइतकी नेमकी होती का? छे. मूळ कागदावर भाषातज्ज्ञांनी पेन्सिलने एक पट्टा रंगवला होता, चांगला बोटभर. त्याच्या मधोमध मी रेघ मारली, कारण रेघ दिसायला स्वच्छ. पुढच्या आवृत्तीत मी रेघ काढून तिरप्या रेघोट्यांची छटा दिली, दोन रंग एकमेकांत शिरलेले. संपादकांनी ती परत पाठवली. शेरा : ‘मुलांचा गोंधळ होईल.’ गोंधळ तिथे होताच हो, मी फक्त तो लपवत होते.

तर तुमच्या मुलीला सांगा, ‘साउथ कुठे सुरू होतो’ या प्रश्नाला उत्तर नाही, पण ‘साउथचा गाभा कुठे आहे’ याला आहे. डोनाल्ड माइनिग नावाच्या भूगोलज्ञाने १९६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या प्रदेशाचा अभ्यास करताना तीन थर मांडले. त्यांना मी मराठीत गाभा, अंमल आणि पडछाया म्हणते. सॉल्ट लेक सिटीच्या आसपास गाभा, तिथे सगळंच त्या पंथाचं. त्याच्याभोवती अंमल, तिथे त्यांचं वळण चालतं पण घट्टपणा कमी. आणि पडछायेत ते असतात, पण इतरांमध्ये मिसळून. मिसिसिपी आणि अलाबामा कुणालाही विचारा, साउथच. मेरीलँड पडछायेत आहे. पडछायेत उभं राहून भांडण करायला मजा येते खरी.

*नद्या आणि डोंगर असताना हे वाद हवेतच कशाला? निसर्गाने आखलेल्या सीमा घ्याव्यात, मामला खतम. एक निवृत्त अभियंता.*

साहेब, तुम्ही पूल बांधले असतील, मग तुम्हालाच विचारते : नदीला सीमा मानायची, तर पूल बांधायचे कशाला?

स्वित्झर्लंडमध्ये जर्मन आणि फ्रेंच भाषिकांच्या मधल्या दरीला गमतीने ‘रोश्टीग्राबेन’ म्हणतात, म्हणजे रोश्टी या बटाट्याच्या पदार्थाचा खंदक. ही दरी झाने नदीवरून जाते असं सर्रास सांगितलं जातं. फ्रेंचमध्ये त्याच नदीचं नाव सारीन. त्या नदीवर फ्रीबोर शहर आहे, आणि तिथे दोन्ही भाषा चालतात. एवढंच नाही, शहराच्या खालच्या जुन्या वस्तीत दोन्ही भाषांची खिचडी करून बोलायची रीत आहे, तिला बोल्झ म्हणतात. म्हणजे जिथे खंदक हवा, तिथेच लोकांनी स्वयंपाक मांडला.

त्याच देशातली याहून गंमतशीर हद्द पत्त्यांची आहे. ‘यास’ हा त्यांचा राष्ट्रीय डाव. पश्चिमेकडे तो आपल्या ओळखीच्या पत्त्यांनी खेळतात, बदाम, इस्पिक, चौकट, किलवर. पूर्वेकडे त्याच डावाला गुलाब, घंटा, ढाल आणि ओकची फळं असे रंग. आता तुम्ही म्हणाल, पश्चिमेला फ्रेंच आणि पूर्वेला जर्मन, मग ठीकच आहे. पण तसं नाही. पत्त्यांची हद्द भाषेच्या हद्दीवर पडत नाही. ती बरीच पूर्वेला, जर्मन बोलणाऱ्या मुलखाच्या आतून जाते, ब्रुनिग खिंड आणि नाप्फ डोंगराच्या अंगाने. बर्नचा माणूस बोलतो जर्मन आणि हातात धरतो बदाम-इस्पिक. तो कुठला? बोलायला बसला तर पूर्वेचा, डाव मांडला तर पश्चिमेचा.

जर्मनीत हाच धडा कागदावर आला. गेओर्ग वेंकर या भाषातज्ज्ञाने १८७६ पासून शाळामास्तरांना चाळीसेक साधी वाक्यं पाठवायला सुरुवात केली आणि कळवलं, ‘ही तुमच्या गावच्या बोलीत लिहून पाठवा.’ पहिलं वाक्य साधारण असं : हिवाळ्यात वाळकी पानं हवेत उडतात. वाढत वाढत चाळीस हजारांवर शाळांतून उत्तरं आली. त्या काळी, पोस्टाने! मला त्या कागदांच्या गठ्ठ्यांचा हेवा वाटतो. ते नकाशावर मांडल्यावर दिसलं की प्रत्येक शब्दाची हद्द वेगळी आहे. ‘करणं’ याला उत्तरेकडे ‘माकेन’ आणि दक्षिणेकडे ‘माखेन’, ती रेषा डुसेलडॉर्फजवळच्या बेनराथपाशी ऱ्हाइन ओलांडते. ‘मी’ला ‘इक’ म्हणायचं की ‘इख’, याची रेषा त्याच्या उत्तरेला उर्डिंगेनपाशी. गावाला ‘डॉर्प’ की ‘डॉर्फ’, ती आणखी दक्षिणेला. पूर्वेकडे या रेषा बऱ्याच जवळजवळ चालतात, ऱ्हाइनपाशी आल्या की पंख्याच्या काड्यांसारख्या उघडतात. त्या पंख्याला नावच आहे, ऱ्हाइनचा पंखा. पहिल्या दोन रेषांमधल्या पट्ट्यातला माणूस दक्षिणेसारखं ‘इख’ म्हणतो आणि उत्तरेसारखं ‘माकेन’. आणि लक्षात घ्या, ऱ्हाइनसारखी मोठी नदी असूनही रेषा तिच्या काठाने जात नाहीत, तिला आडव्या छेदून जातात. माणसं, माल आणि शब्द त्याच नदीतून वर-खाली जात होते ना.

निसर्ग अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. १८७८ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या सरकारला दाखवून दिलं की देशाच्या मधून जाणाऱ्या शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपास पाऊस वर्षाला वीस इंचांच्या खाली जातो, आणि त्याच्या पश्चिमेला नुसत्या पावसावर शेतीचा भरवसा नाही. ही हद्द डोळ्यांना दिसणारी नाही, पण तिने वस्ती आणि शेताचा आकार ठरवला. मात्र तीही जागची हलते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरडेपणाची ही हद्द पूर्वेकडे सरकत असल्याचं मांडलं गेलं. रेखावृत्त जागेवर आहे, पाऊस नाही.

*सरकारने एकदा ठरवून द्यावं आणि सगळ्यांनी ते मानावं, असं का होत नाही?*

होतं की. तुर्कस्तानात झालं. १९४१ मध्ये अंकाऱ्यात पहिली भूगोल परिषद भरली आणि तिने देशाचे सात प्रदेश ठरवले. चार समुद्रांच्या नावाने : मार्मारा, एजियन, भूमध्य आणि काळा समुद्र. तीन अनातोलियाचे : मध्य, पूर्व आणि आग्नेय. तिथे ना राज्यपाल, ना कचेरी. त्यांच्या हद्दी प्रांतांच्या हद्दींशीही तंतोतंत जुळत नाहीत. पण पाठ्यपुस्तकात गेले, हवामानाच्या बातम्यांत गेले आणि बघता बघता माणसं स्वतःला ‘मी काळ्या समुद्राकडचा’ म्हणून ओळख देऊ लागली. काळ्या समुद्राची माणसं आधीही होतीच, पण प्रदेशाला कडा मिळाली ती परिषदेत. माझ्या पेशाचा हा मोठा विजय मानायचा की मोठा गुन्हा, यावर मी अजून विचार करते आहे.

पैसा आला की हद्दी फार चपळ होतात. इटलीने दक्षिणेच्या विकासासाठी १९५० मध्ये ‘कास्सा पेर इल मेत्झोजोर्नो’ हा निधी काढला. त्याच्या यादीत पुढे एल्बा बेटही दिसतं. एल्बा म्हणजे नेपोलियनला ठेवलं होतं ते, तस्कनीचं. तस्कनीला दक्षिण म्हणणारा इटालियन अजून जन्माला यायचाय, पण अनुदानाच्या हिशोबात एल्बा दक्षिणेत. आपल्याकडेही ईशान्य परिषदेच्या कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन सिक्कीम ‘ईशान्य’ झालं. बाकीच्या सात राज्यांपैकी एकाशीही त्याची हद्द भिडत नाही, मध्ये पश्चिम बंगालची चिंचोळी पट्टी आहे. तरी आज ‘आठ राज्यं’ म्हणताना कुणी अडखळत नाही.

आणि कधीकधी कुणी ठरवतही नाही. जपानमध्ये १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची वीज देणारी. ओसाकाने अमेरिकन घेतली, ६० ची. देशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी कुणाच्या मनात नव्हती, खरेदी होती ती. पण पूर्वेची ५० ची आणि पश्चिमेची ६० ची वीज एकमेकींना थेट जोडता येत नाही. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेत विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेची वीज मधल्या मोजक्या रूपांतर केंद्रांतून जेवढी मावेल तेवढीच जाऊ शकली.

*मला स्वतःला एखाद्या प्रदेशाची हद्द शोधून पाहायची असेल तर? भूगोल शिकलेलो नाही, पण वेळ भरपूर आहे.*

वेळ आहे, म्हणजे अर्धं काम झालं. समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड यांनी १९७६ मध्ये एक सोपी युक्ती वापरली. वेगवेगळ्या शहरांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घेतल्या, आणि दुकानं-कंपन्यांच्या नावात ‘सदर्न’ किती वेळा येतं, ‘डिक्सी’ हे साउथचं लाडकं नाव किती वेळा येतं ते मोजलं. शहर मोठं तर सगळंच जास्त, म्हणून त्यांनी ‘अमेरिकन’ने सुरू होणारी नावंही मोजली आणि त्यांच्याशी प्रमाण काढलं. ‘डिक्सी’चा मुलूख ‘सदर्न’पेक्षा बराच आकसलेला निघाला. कुणालाही न विचारता, लोक स्वतःला काय म्हणवतात ते कळलं.

तुम्ही तेच करा. डिरेक्टरी आता नाही, पण पाट्या आहेत. प्रदेशाचं एक नाव निवडा आणि एक तटस्थ शब्द, देशाचं नाव चालेल. एका सरळ रस्त्याने प्रवास करा, दर मुक्कामाला बाजाराची एकच गल्ली घ्या आणि दोन्ही शब्दांच्या पाट्या मोजा. वहीत दोन रकाने पुरे. पाटी किती जुनी दिसते तेही टिपा, कारण नवी पाटी कधीकधी भावना दाखवते आणि जुनी सवय. एकाच रस्त्यावर परत येताना पुन्हा मोजा, जाताना डोळे चुकतात. आकडे शून्यावर येतील त्या जागी रेघ मारायचा मोह होईल, ती मारू नका. आधी तिथल्या चहावाल्याला विचारा, ‘पलीकडे काय लागतं?’ तो ज्या दिशेला हात करेल ती लिहा, मग पुढच्या चहावाल्याला तेच विचारा. दोघांचे हात एकमेकांकडे झाले, तर मधली जागा मला कळवा. ती दाखवायला मी अजून छटाच वापरेन. आता शेरा मारायला संपादक नाहीत.