मधुमेह-संशोधनासाठी पहिला निधी: रकमेआधी अट पाहावी

स. न. वि. वि.

आपल्या मुलीने जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली असून सध्या ती लातूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मधुमेहावर संशोधन करण्यासाठी तिने पाठवलेला पहिला प्रस्ताव नामंजूर झाला. तेव्हा तिने हा मार्ग सोडून औषध कंपनीतील नोकरी स्वीकारावी का, असे आपण विचारले आहे.

पत्रासोबतचा प्रस्ताव मी वाचला. एका नकारावरून मार्ग सोडावा असे मला मुळीच वाटत नाही. मात्र तिने चुकीचे दार ठोठावले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेची नवोदितांसाठीची अर्ली करिअर ग्रँट नियमित पदावर असलेल्यांसाठी आहे; तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, ते कितीही गुणी असले तरी, त्या अटीत बसत नाहीत. (आपल्याकडे अशा नेमणुकांवर उमेदीची किती वर्षे जातात, हे पाहून मन विषण्ण होते.) याउलट जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्स या संस्थेची अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची असते आणि तीत संशोधनाच्या खर्चाबरोबर संशोधकाचे स्वतःचे वेतनही मिळते, त्यासाठी कायम नोकरी नव्हे, तर जागा व सुविधा देणारी यजमान संस्था लागते. म्हणून आधी संस्था आणि मार्गदर्शक शोधावेत, मग अर्ज भरावा.

आता प्रस्तावाविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, या वाक्याने तिने सुरुवात केली आहे. हा आकडा परीक्षकांना पाठ असतो. त्यांना हवा असतो तो थोड्या पैशांत, ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळेल असा एकच प्रश्न. तिच्या प्रस्तावात मात्र पाच प्रश्न आहेत. त्यांपैकी एक मला फार मोलाचा वाटला. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल, तर एचबीए१सीचा, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा प्रत्यक्ष साखरेच्या मानाने जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. आपल्या भागातील अशा स्त्रियांमध्ये ही तफावत किती पडते, हे ग्लुकोज देऊन केलेल्या चाचणीशी ताडून पाहता येईल. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. रुग्णालयाचे सहकार्य, नैतिकता समितीची मान्यता, चाचण्यांचा खर्च आणि एक साहाय्यक एवढे हवे. मधुमेहतज्ज्ञांची आरएसएसडीआय ही संघटनाही संशोधनास अनुदान देते. एखादा डॉक्टर सहसंशोधक म्हणून मिळाल्यास तिथली पात्रतेची अट तपासून पाहावी.

लहान सुरुवातीला कमी लेखू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. नवजात बालकांचे वजन, निरनिराळे घेर आणि त्वचेखालील चरबीची जाडी त्यांनी काटेकोरपणे मोजली. भारतीय बाळ वजनाने कमी असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, हे जगापुढे आले ते या मोजमापांमुळे.

नोकरीबद्दल सांगायचे तर, घर तिच्या मिळकतीवर अवलंबून असल्यास कंपनीत जाण्यात काहीही कमीपणा नाही. तसे नसेल, तर तिला एक वर्ष द्यावे. परीक्षकांचे अभिप्राय आणि रक्तक्षयाच्या त्या एका प्रश्नावरचे दोन पानांचे टिपण तिने माझ्याकडे पाठवावे. यजमान संस्थेला लिहायचे पत्र आम्ही दोघे मिळून तयार करू.