शेगडीवर टांगलेला मायक्रोवेव्ह फोडणीचा धूर ओढत नाही, त्याजागी हूड बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत टाउनहाऊस घेतलंय, गॅसच्या शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलेला आहे आणि धूर ओढायचा पंखा त्याच्याच पोटात आहे. फोडणी टाकली की अलार्म कोकलतो, मिरचीचा खाट वरच्या बेडरूमपर्यंत जातो. तर हूड, म्हणजे आपल्याकडची चिमणी, बसवावा का, आणि बसवायचा तर किती सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा ओढणारा)?

सीएफएमचं नंतर बघू. हा पंखा ओढलेली हवा सोडतो कुठे, ते आधी शोधा. पंखा सगळ्यात जोरात लावा आणि मायक्रोवेव्हच्या दाराच्या वर जी जाळीची पट्टी असते तिच्यासमोर हात धरा. हाताला झोत लागला तर तुमची फोडणी खालून आत जाऊन वरून परत तुमच्याच तोंडावर येतेय. इथल्या कित्येक घरांत हीच परिस्थिती असते. असा मायक्रोवेव्ह धुराचं काय करतो? खालची धातूची जाळी तेलाचे थोडे थेंब अडवते, वरचा कोळशाचा फिल्टर थोडा वास शोषतो. वाफ आणि गॅस जळल्यावर तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड तसाच घरात राहतो. शिवाय तो कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, बदलावाच लागतो. कंपन्या साधारण सहा महिने सांगतात, पण ते अंडी-टोस्टवाल्या घराचं गणित आहे. रोज फोडणी असेल तर त्याच्या आधीच त्याचा जीव जातो.

आता वरचं कपाट उघडा, डबे बाजूला काढा आणि मागे पत्र्याचा नळ, म्हणजे डक्ट, दिसतो का बघा. एकतर गोल असेल, नाहीतर सव्वातीन बाय दहा इंचाचा चौकोनी. बाहेर जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर झडपेचं तोंड आहे का तेही बघा. हा खटाटोप अशासाठी की यातले बहुतेक मायक्रोवेव्ह तीन प्रकारे बसवता येतात: हवा घरात सोडणारा, वर सोडणारा, मागे सोडणारा. कारखान्यातून तो बहुधा घरात सोडणारा म्हणूनच येतो. बाहेर सोडायचा तर आतला ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, काढून त्याचं तोंड फिरवावं लागतं, आणि घाईतला माणूस ते करत नाही. भिंतीत डक्ट तयार, बाहेर झडप तयार, आणि मायक्रोवेव्ह मात्र हवा घरातच सोडत बसलेला, अशी घरं मी पाहिली आहेत. तसं निघालं तर तुमचं काम फार स्वस्तात होईल. ब्रेकर बंद करा, मॅन्युअल उघडा आणि हाताशी दुसरा माणूस घ्या. हे धूड पन्नास-साठ पौंडांचं असतं, एकट्याने उतरवायच्या भानगडीत पडू नका.

डक्ट जोडला तरी या यंत्राची एक मर्यादा राहतेच. मायक्रोवेव्हची खोली पंधरा-सोळा इंच, शेगडीची पंचवीसच्या आसपास. म्हणजे पुढचे दोन बर्नर उघड्यावरच. शिवाय त्याचा तळ सपाट असतो, धूर साठायला पोकळी नाही. पुढच्या बर्नरवर मिरच्या तडतडल्या की धूर त्याच्या कडेवरून निसटून छताकडे जातो, मग पंखा कितीही ओरडो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2012 साली अमेरिकन घरांतल्या हूडांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात कुठे 15 टक्क्यांपेक्षा कमी धूर पकडला गेला, तर कुठे 98 टक्क्यांच्या वर. मागच्या बर्नरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला पकडला जातो हेही त्यातून दिसलं. म्हणून फोडणी आणि तळण आजपासूनच मागच्या बर्नरवर न्या, याला पैसे पडत नाहीत. हात लांब करावा लागतो आणि सुरुवातीला चिडचिड होते, पण फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मी तुमच्या जागी असतो तर, रोजचा आपला स्वयंपाक आणि स्वतःचं घर असेल, तर हूडच बसवला असता. ओट्यावर ठेवायचा साधा मायक्रोवेव्ह वेगळा घेता येतो, धुराला दुसरी जागा नाही. हूड घेताना मी खोली आधी बघेन: वीस इंच तरी हवी, बावीस मिळाली तर उत्तम. रुंदी निदान शेगडीएवढी, म्हणजे तीस इंच. कपाटं हलवायची तयारी असेल तर छत्तीस. फिल्टर पन्हाळीसारख्या स्टीलच्या पट्ट्यांचे, म्हणजे बॅफल घ्या. ते डिशवॉशरमध्ये जातात, आणि बारीक जाळीसारखे चिकट्याने बुजत नाहीत. आवाजाचा आकडा सोन नावाच्या एककात दिलेला असतो, तोही वाचा. फार ओरडणारा हूड घरात कोणी लावतच नाही. शेगडीपासूनची उंची बहुतेक ठिकाणी 24 ते 30 इंच असते, पण तुमच्या हूडच्या आणि शेगडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच धरा.

आता सीएफएम. होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट या पंखे-हूड बनवणाऱ्यांच्या संस्थेची शिफारस अशी की भिंतीवरच्या हूडला शेगडीच्या रुंदीच्या दर फुटाला 100 सीएफएम. तीस इंचाला झाले 250. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो, कारण पुण्यातल्या दुकानात चिमणी 1200 ची दाखवतात. तो आकडा तासाला घनमीटरचा, हा मिनिटाला घनफुटाचा. 1200 म्हणजे सुमारे 700 सीएफएम. तरी आपल्या फोडणीला 250 कमीच पडतात, मी 350 ते 400 धरेन.

त्याच्या वर जाताना जरा थांबा. हूड जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. बेसमेंटमध्ये जुन्या पद्धतीचा गॅसचा वॉटर हीटर असेल, ज्याचा धूर नुसता गरम होऊन आपोआप धुराड्यातून वर चढतो, तर जोरदार हूड तोच धूर उलटा घरात ओढू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे हा विनोदाचा विषय नाही. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत 400 सीएफएमच्या वरच्या हूडला अशा घरात बाहेरून हवा आत आणायची वेगळी सोय करावी लागते, ती याच कारणाने. गावाच्या बांधकाम खात्यात एक फोन करून तुमच्याकडे नियम काय आहे ते विचारा, परमिटचंही कळेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आजच आणा.

सगळं बजेट हूडच्या चकाकीवर घालवू नका, डक्टसाठी राखून ठेवा. महागडा हूड आणि वाईट डक्ट यापेक्षा साधा हूड आणि आखूड, सरळ डक्ट कधीही बरा. 400 सीएफएमपर्यंत सहा इंच गोल नळ पुरतो, 600 च्या आसपास आठ इंच लागतो. हूडला जेवढं तोंड आहे त्यापेक्षा पुढे कुठेही अरुंद करू नका. नळ आतून गुळगुळीत पत्र्याचाच हवा. कपडे वाळवायच्या यंत्रामागे असतो तसा चुण्यांचा फॉइलचा पाइप इथे चालत नाही, त्याच्या प्रत्येक चुणीत तेल बसतं आणि ते पेटू शकतं. काटकोनाचं एक वळण दहा-पंधरा फूट सरळ नळाइतकं अडवतं, म्हणून वळणं मोजा. सांध्यांना धातूची फॉइल टेप लावा, कापडी नको. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, डासांची बारीक जाळी नको, कारण ती तेलाने महिन्याभरात बंद होईल. आणि कोणी कॉन्ट्रॅक्टर "अॅटिकमध्येच सोडून देऊ" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. थंडीत तिथे वाफ गोठते, मग लाकूड कुजतं, वर तेलाचा थर.

टाउनहाऊसची खरी अडचण असोसिएशन, म्हणजे घरमालकांची सोसायटी. बाहेरची भिंत आणि छप्पर बहुधा त्यांच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे भोक पाडण्याआधी लेखी परवानगी घ्या. तुमचं युनिट मधलं असेल आणि शेगडी शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असेल, तर नळ छताच्या तुळयांमधून मागच्या किंवा पुढच्या भिंतीपर्यंत न्यावा लागेल. खर्च तिथे वाढतो. कोटेशन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की नळ कुठून जाणार. वीज सोपी आहे: मायक्रोवेव्हचा प्लग बहुधा वरच्या कपाटात असतो, बऱ्याच हूडांना तोच वापरता येतो.

परवानगी मिळेपर्यंत: कोळशाचा फिल्टर बदला, धातूची जाळी गरम पाणी आणि डिशसोपमध्ये भिजवून धुवा. कढई ठेवायच्या आधीच पंखा लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. जवळच्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा ठेवला तर तो या मायक्रोवेव्हपेक्षा जास्त काम करेल. सुकट भाजणं आणि बोंबील तळणं मात्र कुठल्याच हूडच्या भरवशावर करू नका. त्यासाठी विजेची छोटी शेगडी डेकवर न्या, आणि गॅस किंवा कोळशाची शेगडी गॅरेजमध्ये कधीच पेटवू नका, दार उघडं असलं तरी.

वरच्या कपाटाच्या आतला आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूचा फोटो टाकलात तर डक्ट कुठून नेता येईल ते सांगून बघतो.