पीटर फॉक आणि लेफ्टनंट कोलंबो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘कोलंबो’ पहिल्यापासून बघायचं ठरवलंय. एका यादीत पहिल्या सीझनचे सात भाग दिसतात, दुसरीत नऊ. एकूण भाग किती, आणि सुरुवात कुठून करू? (सांगली)

उत्तर : पीटर फॉक या अमेरिकन नटाने लेफ्टनंट कोलंबो हा पोलिस तपास अधिकारी रंगवलेल्या या टीव्ही मालिकेचे भाग एकूण ६९. आधी दोन टीव्ही-चित्रपट झाले : १९६८चा ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ आणि मार्च १९७१चा ‘रॅन्सम फॉर अ डेड मॅन’. सप्टेंबर १९७१ ते १९७८ या काळात एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सात सीझन झाले, त्यांचे भाग ४३. मग मोठा खंड पडला आणि १९८९ ते २००३मध्ये एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर आणखी २४ आले. ते दोन चित्रपट पहिल्या सीझनमध्ये धरले की सातचे नऊ होतात. १९८९नंतरचे सीझनचे आकडे मात्र यादीगणिक बदलतात, म्हणून तिथे भागाचं नाव आणि वर्ष बघूनच शोधा.

क्रमाने बघायच्या हट्टापायी १९६८पासून सुरुवात करू नका. तो चित्रपट चांगला आहे, पण त्यातल्या कोलंबोचे केस नीटनेटके कापलेले आहेत, आवाज चढलेला आहे आणि खुन्याच्या साथीदार मुलीवर तो चक्क ओरडतो. पुढे जगाच्या ओळखीचा झालेला माणूस तिथे अजून घडायचा आहे. सुरुवात ‘मर्डर बाय द बुक’ने करा. मालिकेचा हा पहिला भाग १५ सप्टेंबर १९७१ला दाखवला गेला. दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग. पडद्यावर रस्त्याने एक गाडी येतेय आणि कानावर पडते फक्त टाइपरायटरची टकटक. संगीत नाही, गाडीचाही आवाज नाही. काय चाललंय हे कळायच्या आत आपण खुर्चीत पुढे सरकलेले असतो. पुढे याच भागात कोलंबो बेपत्ता लेखकाच्या घाबरलेल्या बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात ऑम्लेट करून घालतो. फॉकने हे पात्र कसं पेललं, ते त्या एका प्रसंगात दिसतं.

त्यानंतर ‘एत्यूद इन ब्लॅक’ (१९७२), ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ (१९७३) आणि ‘बाय डॉन्स अर्ली लाइट’ (१९७४) बघा, मग मागे १९६८कडे वळा. एका रात्रीत चार-चार भाग मात्र बघू नका. सांगाडा सगळीकडे तोच असल्याने तिसऱ्या भागात कंटाळा येतो आणि दोष मालिकेला दिला जातो. मुळात ही मालिका ‘मॅक्लाउड’ आणि ‘मॅकमिलन अँड वाइफ’ या मालिकांबरोबर आळीपाळीने दाखवली जायची, त्यामुळे दोन कोलंबोंमध्ये काही आठवडे जायचे. आठवड्याला एक भाग, हे प्रमाण उत्तम.

प्रश्न : खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात. मग बघायचं काय? (नाशिक)

उत्तर : खुनी पकडला कसा जातो, ते. रिचर्ड लेविन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीने हे पात्र बांधताना दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला तपास अधिकारी पोर्फिरी डोळ्यांपुढे ठेवला होता. कोलंबो पडद्यावर येतो तोच बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांनी. आपल्याला सगळं ठाऊक असतं, खुन्यालाही ठाऊक असतं; प्रश्न एवढाच की या गबाळ्या माणसाला किती ठाऊक आहे. म्हणून नजर कोलंबोपेक्षा खुन्याच्या चेहऱ्यावर ठेवा. तो वैतागायला नेमका कधी लागतो, ते पकडा.

दाराशी जाऊन परत वळण्याची ती प्रसिद्ध लकब कामाच्या सोयीतून आली. मालिकेच्या आधी ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ची कथा नाटक म्हणून लिहिली होती. एका प्रवेशात कोलंबोला लवकर बाहेर काढलं गेलं आणि प्रवेश तोकडा पडला. सगळं पुन्हा टाइप करण्यापेक्षा लेखकांनी त्याला दारातून परत आणून आणखी एक प्रश्न विचारायला लावला. फॉकने त्या वळण्याचं हत्यार केलं. खिसे चाचपणं, पेन्सिल न सापडणं, भलत्याच वस्तूची किंमत विचारणं यातलं बरंच तो संहितेबाहेर, ऐन चित्रीकरणात करायचा. समोरचा नट खरोखर गोंधळायचा आणि तो गोंधळ कॅमेऱ्यात यायचा. रेनकोटही त्याचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडल्यावर घेतलेला. पूजो ४०३ ही खटारा गाडी त्यानेच युनिव्हर्सल स्टुडिओच्या गाड्यांमधून निवडली.

प्रश्न : फॉकचा एक डोळा काचेचा होता, हे खरं का? मग अभिनयात कसा आला? (ठाणे)

उत्तर : खरं. जन्म न्यूयॉर्कचा, १६ सप्टेंबर १९२७. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे तिसऱ्या वर्षी उजवा डोळा काढावा लागला. याच कारणाने सैन्यात घेतलं नाही, म्हणून तो व्यापारी जहाजावर आचारी झाला. पुढे १९५३मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनात पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्डला, नोकरीला लागला. तिथून तो दर आठवड्याला वेस्टपोर्टला एव्हा ल गॅलियेन यांच्या अभिनयवर्गाला जायचा. वर्ग फक्त व्यावसायिक नटांसाठी होता, आणि हा दर वेळी उशिरा पोचायचा. बाईंनी एकदा खडसावल्यावर त्याने आपण नट नसल्याचं कबूल केलं. तुम्ही व्हायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि १९५६मध्ये त्याने नोकरी सोडली.

रंगभूमीवर काम मिळालं, पण कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांनी त्याला नाकारलं. तेवढ्याच पैशात दोन डोळ्यांचा नट मिळतो, असं त्यांनी सुनावल्याचं सांगतात. त्यानंतर काही वर्षांतच ‘मर्डर, इन्क.’ (१९६०) आणि ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (१९६१) या लागोपाठच्या चित्रपटांसाठी त्याला सहायक अभिनेत्याची ऑस्कर नामांकनं मिळाली. किंचित मान कलती ठेवून तिरपं बघणं ही कोलंबोची ओळख झाली, ती या डोळ्यामुळेच.

प्रश्न : त्याला ऑस्कर मिळालं का? (बडोदा)

उत्तर : नाही, दोन्ही वेळा हुकलं. टीव्हीसाठीचे एमी पुरस्कार मात्र पाच : पहिलं १९६२मध्ये ‘द प्राइस ऑफ टोमॅटोज’ या टीव्ही-नाट्यासाठी, आणि १९७२, १९७५, १९७६, १९९०ची चार कोलंबोसाठी.

प्रश्न : कोलंबोचं पहिलं नाव फिलिप असल्याचं वाचलं. बरोबर आहे का? (पुणे)

उत्तर : चूक. फ्रेड वर्थ या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात ते नाव मुद्दाम खोटं घातलं होतं, म्हणजे कुणी नक्कल केली तर पकडता येईल. ‘ट्रिव्हियल पर्स्युट’ या खेळात ते जसंच्या तसं आलं. वर्थने १९८४मध्ये दावा ठोकला, आणि हरला. मालिकेत नाव कुणी उच्चारत नाही. ओळखपत्र जवळून दाखवलंय तिथे ‘फ्रँक’ वाचता येतं.

प्रश्न : कोलंबोपलीकडे त्याचं काय बघावं? (डोंबिवली)

उत्तर : सर्वांत आधी जॉन कॅसावेटीसचा ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४). फॉक यात बांधकाम मजुरांचा मुकादम आहे, आणि बायकोचं मन ढासळताना त्याला आरडाओरडा करण्यापलीकडे काही सुचत नाही. चित्रपट उभा राहावा म्हणून त्याने स्वतःचे पैसे घातले. बायको झालेल्या जेना रोलंड्सचं कौतुक खूप झालं, ते योग्यच. फॉकचं काम मात्र तितकंच अवघड होतं. प्रेम करणारा आणि तरीही घातक ठरणारा नवरा त्याने कुठेही मऊ केला नाही. चित्रपट अडीच तासांचा आहे आणि थकवतो, तेव्हा रात्री उशिरा लावू नका.

मग विम वेंडर्सचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७). पश्चिम बर्लिनमध्ये फॉक स्वतःच्याच नावाने वावरतो आणि रस्त्यावरची मुलं त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. फॉक एरवीही कोळशाने चित्रं काढायचा, आणि इथे तो चित्रीकरणाच्या फावल्या वेळात एका एक्स्ट्रा बाईचं रेखाचित्र काढताना दिसतो. घरात लहान मुलं असतील तर त्याच वर्षीचा ‘द प्रिन्सेस ब्राइड’ त्यांच्याबरोबर बघा. आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा फॉकचे आहेत.